सुकाणू धरणारा आणि वाट जाणणारा

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांच्या कानावर ‘कुबरनेटीस’ हे नाव रोज पडतं. तुम्ही फोनवर एखादं ॲप उघडता तेव्हा त्यामागे अनेक सर्व्हरवर चालणारे शेकडो छोटे प्रोग्रॅम असतात. ते चालू ठेवायचे, एखादा मेला की त्याच्या जागी दुसरा उभा करायचा, हे काम कुबरनेटीस करतं. गूगलने ते २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याचं बोधचिन्ह म्हणजे निळ्या रंगावर जहाजाचं सात आऱ्यांचं चाक. अधिकृत माहितीपानावर नावाचा अर्थ एका ओळीत उरकलाय: ग्रीक शब्द, अर्थ ‘हेल्म्समन किंवा पायलट’.

मी अडलो तो त्या ‘किंवा’पाशी. कारण हे दोन इंग्रजी शब्द एकाच माणसाचे नाहीत.

हेल्म्समन म्हणजे जहाजाचं चाक ज्याच्या हातात असतं तो. पायलट म्हणजे जहाज कुठून न्यायचं हे ज्याला ठाऊक असतं तो. विमानामुळे आपला घोळ होतो, कारण तिथे पायलटच स्टीअरिंग धरतो. पण पायलट हा शब्द विमानाच्या कितीतरी आधीचा आहे. आजही मुंबई बंदरात मोठं जहाज येतं तेव्हा एक छोटी बोट त्याच्याजवळ जाते, आणि त्या बोटीतून एक माणूस दोराच्या शिडीने जहाजावर चढतो. तो पायलट. भरती-ओहोटी कधी, गाळ कुठे साठलाय, खडक कुठे आहेत, हे सगळं त्याला माहीत असतं. पण तो चाकाला हात लावत नाही. तो तोंडाने हुकूम देतो. चाकापाशी उभा असलेला हेल्म्समन तो हुकूम मोठ्याने परत म्हणतो, चाक फिरवतो, आणि फिरवून झालं की तसं सांगतो. एकाकडे माहिती, दुसऱ्याकडे हात.

दोन पगार

या दोन कामांतला फरक मला सगळ्यात स्वच्छ लिहिलेला सापडला तो चारशे वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकात. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात माझ्या गावाचंही नाव आहे.

माझं गाव धरणगाव. जळगाव आणि अमळनेर यांच्या मधलं, बालकवींचं गाव म्हणून पुस्तकात येणारं. आमच्याकडे समुद्राचा काही संबंध नाही. समुद्राकडे जाणारा आमचा जुना रस्ता म्हणजे सुरतेचा, आणि आता त्याच बाजूला जाणारी रेल्वे. पण अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेऊन खानदेश ताब्यात आणला, आणि अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या नव्या सुभ्याचं वर्णन लिहिलं. त्यात ज्वारीचं कौतुक आहे: काही ठिकाणी वर्षात तीन पिकं निघतात आणि ताटं इतकी गोड की लोक ती फळासारखी खातात, असं तो म्हणतो. आणि त्याच वर्णनात लिहितो की इथे उत्तम कापड विणलं जातं. ‘सिरीसाफ’ आणि ‘भिरौन’ नावाचं कापड धरणगावहून येतं.

अशा कापडाला गावात गिऱ्हाईक किती असणार? बुऱ्हाणपूर ते सुरत हा मोठा व्यापारी रस्ता खानदेशातून जायचा, आणि सुरतेहून पुढे जहाजं. म्हणूनच १६७४ मध्ये इंग्रज कंपनीने थेट धरणगावात वखार घातली. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली, आणि १६७९ मध्ये गाव पुन्हा लुटलं गेलं. ज्या गावात काही नाही ते गाव कोणी दोनदा लुटत नाही.

आता त्याच ‘आईन’मधलं जहाजांचं प्रकरण. अबुल फजल जहाजावरच्या माणसांचे बारा प्रकार सांगतो. त्यातले बरेच शब्द कोकणात आजही माणसांची आडनावं आहेत. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी, आपला नाखवा. तांडील म्हणजे खलाशांचा मुकादम, आपला तांडेल. सरहंग म्हणजे जहाज धक्क्याला लावणं-सोडणं बघणारा, आपला सारंग.

या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे मुअल्लिम. त्याला समुद्राची खोल आणि उथळ पाणी माहीत हवी, ताऱ्यांचं शास्त्र यायला हवं. जहाज मुक्कामाला नेणं आणि धोक्यापासून वाचवणं हे त्याचं काम. आणि आठव्या क्रमांकावर आहे सुक्कानगीर. तो मुअल्लिमच्या हुकुमाप्रमाणे जहाज वळवतो. काही जहाजांवर असे बरेच जण असतात, पण विसापेक्षा जास्त कधी नाही.

म्हणजे ‘हेल्म्समन किंवा पायलट’ यातला ‘किंवा’ अबुल फजलने कधीच काढून टाकला होता. शिवाय त्याने पगारही लिहून ठेवलाय. बंगालच्या सातगाव बंदराचे दर आहेत: मुअल्लिमला २०० रुपये आणि स्वतःचा माल भरायला जहाजात दोन खण. सुक्कानगीरला १५ रुपये. खण नाही. जाणणाऱ्याचा पगार धरणाऱ्याच्या तेरापट.

दोन्ही शब्द उलगडून बघण्यासारखे आहेत. ‘सुक्कान’ हा अरबी शब्द, अर्थ जहाज वळवायची ती मागची फळी. ‘गीर’ फारसी, म्हणजे धरणारा. त्याच सुक्कानचं मराठीत ‘सुकाणू’ झालं. इंग्रजी जहाजांवर नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या सुकाणीवाल्यांना गोरे अधिकारी ‘सीकनी’ म्हणत, तोही हाच शब्द. ‘मुअल्लिम’चा अर्थ मात्र समुद्राशी जोडलेला नाहीच. मुअल्लिम म्हणजे शिकवणारा. ‘इल्म’, ‘मालूम’, आपली आखाड्यातली ‘तालीम’, हे सगळे त्याच मुळाचे भाऊबंद. १४९८ मध्ये वास्को द गामाला आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून कालिकतला आणणाऱ्या वाटाड्याच्या नावात पोर्तुगीजांनी ‘मालेमो’ असं लिहिलं. ते त्याचं नाव नव्हतं, हुद्दा होता: मुअल्लिम. भारताचा ‘शोध’ लावणाऱ्या जहाजाला वाट माहीत असलेला माणूस वेगळा होता, सुकाणू धरणारे वेगळे होते, आणि शाळेच्या पुस्तकात गेलेलं नाव तिसऱ्याचंच.

नाव वर जातं

इथून पुढे मला शब्दांचा एक नियम दिसायला लागला. धरणाऱ्याचं नाव हळूहळू ठरवणाऱ्याकडे जातं.

ग्रीक ‘कुबरनेटीस’ म्हणजे सुकाणू सांभाळणारा. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये खलाशी सुकाणूवरून भांडतात आणि ज्याला ऋतू, वारे, तारे कळतात त्या खऱ्या कुबरनेटीसला ‘आकाशाकडे बघत बसणारा’ म्हणून हिणवतात. म्हणजे तोवर त्या शब्दात हात आणि डोकं दोन्ही शिरलेलं होतं, आणि प्लेटोला तो दाखला हवा होता तो राज्य कोणी चालवावं यासाठी. रोमन लोकांनी त्याचं ‘गुबेरनातोर’ केलं. त्यातून ‘गव्हर्नर’ आला, ‘गव्हर्नमेंट’ आलं. आज गव्हर्नर म्हणताना कोणाच्या डोळ्यांसमोर ओल्या हातांनी दांडा धरलेला माणूस येतो?

‘पायलट’चंही तेच. त्याच्या मुळाशी ग्रीक भाषेतला वल्ह्याचा, सुकाणूचा शब्द आहे. तो इटालियन आणि फ्रेंच बंदरांतून फिरत इंग्रजीत पोचला तोवर त्या माणसाचा हात सुकाणूवरून उठला होता.

आपल्याकडे ‘कर्णधार’ घ्या. क्रिकेट बघणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द येतो. कर्ण म्हणजे कान, पण संस्कृतात नावेच्या सुकाणूलाही कर्ण म्हणतात. कर्णधार म्हणजे अक्षरशः सुक्कानगीर: सुकाणू धरणारा. पण आपला कर्णधार टॉस करतो, फील्डिंग लावतो, बोलर बदलतो. तो मुअल्लिम आहे, नाव मात्र सुक्कानगीराचं. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त मोठ्या नावांवर कोण माणसं हवीत याची यादी आहे: शासक, निर्यामक, दोर आणि विळे सांभाळणारे, पाणी उपसणारे. त्यातल्या शासकाचं आपण पुढे काय केलं ते मंत्रालयाच्या पाटीवर लिहिलेलंच आहे. पाणी उपसणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच पाटीवर चढलं नाही.

२०१७ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांचा संप झाला तेव्हा सरकारशी बोलायला जी समिती झाली तिचं नाव होतं ‘सुकाणू समिती’. बातम्यांत तो शब्द रोज यायचा. दूध रस्त्यावर ओतणारा, बाजार समितीत माल न नेणारा शेतकरी गावागावांत होता; सुकाणू समिती चर्चेच्या टेबलाशी होती. आंदोलन म्हटलं की अशी वाटणी होणारच, त्यात गैर काही नाही. मी फक्त शब्दाकडे बघतोय. सुकाणू धरण्याचं काम ज्यांच्या हातांनी झालं, नाव त्यांचं नव्हतं.

दोष खाली येतो

नाव वर गेलं तर एक वेळ चालेल. त्रास होतो तो उलट्या प्रवासात, जेव्हा काही बिघडतं.

१४ एप्रिल १९१२, रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं. ‘टायटॅनिक’चं चाक क्वार्टरमास्टर रॉबर्ट हिचेन्सच्या हातात होतं. अटलांटिकमध्ये बर्फ आहे याचे संदेश दिवसभर आले होते. वेग किती ठेवायचा हे कप्तानाने ठरवलं होतं. हिचेन्स ज्या खोलीत उभा होता तिथून त्याला समोरचं दिसत नव्हतं. त्याच्यापुढे होकायंत्र होतं. त्याचं काम समोर बघण्याचं नव्हतंच. फर्स्ट ऑफिसर मर्डॉक यांचा हुकूम आला: ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’.

स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू. हा शब्द मुळात ‘स्टीअर-बोर्ड’. जुन्या जहाजांचं सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला असायचं म्हणून. पण या हुकुमाने जहाज डावीकडे वळायचं. कारण हुकूम दांड्याच्या हिशोबाने दिला जाई: दांडा उजवीकडे रेटला की फळी डावीकडे जाते आणि जहाजाचं तोंडही डावीकडे. दांडे जाऊन चाकं आली तरी हुकूम जुनेच राहिले. ते पुढे १९३० च्या दशकात बदलले. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस बदलला, कमांडची नावं तशीच राहिली.

हिचेन्सने हुकूम पाळला. सुकाणू पूर्ण फिरलंय असं शेजारी उभ्या अधिकाऱ्याने वर कळवलं, अशी साक्ष त्याने दिली. तरीही जहाज बर्फाला घासलं. दीड हजार माणसं गेली. आणि २०१० मध्ये, जवळपास शंभर वर्षांनी, त्या जहाजावरून वाचलेल्या एका अधिकाऱ्याच्या नातीने दावा केला की चाक चुकीच्या बाजूला फिरवलं गेलं म्हणून जहाज बुडालं. टायटॅनिकचा अभ्यास करणाऱ्या बहुतेकांनी तो मान्य केला नाही. पण जगभर मथळे झालेच. वेग, बर्फाचे संदेश, अपुऱ्या लाइफबोटी हे सगळं समजावून सांगायला वेळ लागतो. ‘त्याने चाक उलटं फिरवलं’ हे एका ओळीत बसतं.

याच्या बरोबर उलटी एक गोष्ट आपल्याकडे आहे. पाली जातककथांमध्ये सुप्पारकाची कथा येते. सुप्पारक हे नाव म्हणजे आपलं सोपारा, नालासोपाऱ्यातलं. कथा घडते भडोचमध्ये. सुप्पारक हा मोठा निर्यामक, पण खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेलेले. त्याने समुद्र सोडला होता. व्यापारी त्याच्याकडे आले आणि म्हणाले, तूच चल. तो म्हणाला, मी आंधळा आहे. ते म्हणाले, तरी चल. जहाज वादळात भरकटलं. व्यापारी बघून सांगायचे, हे पाणी असं दिसतंय, तसं दिसतंय. आणि तो त्यावरून समुद्राचं नाव सांगायचा. शेवटी जहाज सुखरूप परत आलं.

ही कथा आहे, इतिहास नाही. पण ती रचणाऱ्यांना एक गोष्ट नीट कळली होती: वाट जाणणं हे डोळ्यांचं किंवा हाताचं काम नाही. आंधळा माणूस पायलट होऊ शकतो. आणि हिचेन्सच्या रात्रीने दुसरी बाजू दाखवली: चाक धरणाऱ्याला समोरचं दिसत नसलं तरी चालतं, असं धरूनच ती खोली बांधलेली होती. मग धडकेचा जाब त्याला कसा विचारायचा?

अलीकडचं उदाहरण बघा. २६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ नावाचं कंटेनर जहाज पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. जहाजावरचे जवळपास सगळे खलाशी भारतीय होते. वाट दाखवायला दोन स्थानिक पायलट होते. अचानक जहाजाची वीज गेली. पायलटांना वाट माहीत होती, चाकापाशी माणूस होता, पण जहाज ऐकेना. पायलटांच्या हातात एकच गोष्ट उरली: माहिती. त्यांनी धोक्याचा संदेश पाठवला, पोलिसांनी पुलावरची गाड्यांची ये-जा थांबवली, आणि कित्येक जीव वाचले. पुलावर रस्त्याची दुरुस्ती करणारे सहा कामगार मात्र गेले.

त्यानंतर सोशल मीडियावर भारतीय खलाशांची टिंगल करणारं एक व्यंगचित्र फिरलं. चौकशी पुढे दीड वर्षाहून जास्त चालली. तिने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कारण सांगितलं: वायरिंगमधली एक सैल वायर. ती कुठल्याही खलाशाच्या उच्चारात नव्हती. पण चौकशी येईपर्यंत व्यंगचित्र जगभर फिरून आलेलं होतं.

आमच्या क्षेत्रात या दोन कामांची फोड करण्याची एक चांगली पद्धत आहे. मोठी सिस्टिम बंद पडते तेव्हा एक जण ‘इन्सिडेंट कमांडर’ होतो. त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. काय करायचं ते ठरवायचं, सांगायचं, लिहून ठेवायचं. दुसरा कमांड चालवतो आणि चालवण्याआधी मोठ्याने वाचून दाखवतो. मुअल्लिम आणि सुक्कानगीर, अगदी तसेच. आणि नंतरच्या चौकशीचा नियम असा की ‘कोणी केलं’ हे न विचारता ‘हे होऊ कसं शकलं’ हे विचारायचं. जिथे हा नियम कागदावरच राहतो तिथे एंटर दाबणाऱ्या सगळ्यात ज्युनिअर मुलीचं नाव मीटिंगमध्ये पाच वेळा येतं, आणि रिलीजची तारीख कोणी ठरवली ते एकदाही येत नाही.

कुबरनेटीस स्वतः या दोघांतलं कोण? त्याला आपण लिहून देतो की या प्रोग्रॅमच्या तीन प्रती चालू हव्यात. तो सतत मोजत राहतो. दोन दिसल्या की तिसरी उभी करतो. तीनच का, हे त्याला माहीत नाही, आणि तो विचारत नाही. तो निखळ सुक्कानगीर आहे. ‘किंवा पायलट’ हे त्याच्याबद्दल खरं नाही. आता कोड लिहून देणाऱ्या एआयला ‘कोपायलट’ म्हणायची पद्धत आली आहे, तिथेही हाच प्रश्न विचारायला हवा. ज्याला आपण वाट जाणणाऱ्याचं नाव देतो, त्याला वाट खरंच ठाऊक आहे, की त्याने फक्त चाक धरलंय? आणि उद्या जहाज आदळलं, तर उत्तर कोणी द्यायचं?

समुद्रापासून लांब

हे सगळं समुद्राचं झालं. आम्हा खानदेशी लोकांना समुद्र नाही, पण वाट आणि ओझं आहे, त्यामुळे आमच्या वाट्याला वेगळे शब्द आले.

एसटीत चालक आणि वाहक असे दोघं असतात. स्टीअरिंग चालकाकडे, पण गाडी हलते ती वाहकाच्या डबल बेलवर. कुठलाही प्रवासी हे दोघं एकच असं म्हणणार नाही.

आणि बैलगाडी. तिथून मराठीला ‘धुरीण’ मिळाला. अग्रलेखांत, सत्काराच्या भाषणांत येणारा हा भारदस्त शब्द: शिक्षणक्षेत्रातले धुरीण, समाजधुरीण. धुर् म्हणजे गाडीचं जू. धुरीण म्हणजे जू वाहायला लायक असलेला. म्हणजे गाडीवान नाही, बैल. ‘पक्षाची धुरा खांद्यावर घेतली’ असं आपण म्हणतो तेव्हा तो खांदाही बैलाचाच असतो. कर्णधाराने निदान माणसाचं नाव घेतलं होतं. इथे शब्द बैलाच्या मानेवरून उठून थेट व्यासपीठावरच्या खुर्चीत बसला.

अबुल फजलने धरणगावच्या कापडाची नावं लिहिली, विणणाऱ्यांची लिहिली नाहीत. मुअल्लिमला कोणते गुण हवेत ते लिहिलं. सुक्कानगीराबद्दल एवढंच, की तो हुकुमाप्रमाणे वळवतो. तरी त्याने दोघांचे पगार शेजारी शेजारी मांडून ठेवले म्हणून आज निदान फरक मोजता येतो. बहुतेक ठिकाणी तो ‘किंवा’खाली बुजून जातो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदमळणी होते. शिंगं रंगवणं, झूल घालणं, मिरवणूक, हे सगळं दुसऱ्या दिवशी, चारचौघांत. पण आदल्या संध्याकाळी, गोठ्यात, जिथे वर्षभर जू बसलं नेमकी तीच जागा तूप आणि हळद लावून चोळतात. ओझं कोणत्या खांद्यावर होतं, याबद्दल त्या वेळी कोणाच्याही मनात घोळ नसतो.